चूक कुणाच्या पदरात?

शुक्रवारी सकाळी जनाबियातले रस्ते रिकामे असतात. आमच्याकडे साडेसात वाजतात तेव्हा पुण्यात दहा. तोवर मावशीची पूजा, चहा, पेपर सगळं आटोपलेलं असतं, म्हणून आमच्या फोनची वेळ तीच. गेल्या मार्चमधल्या एका शुक्रवारी तिने फोनच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक रिपोर्ट पाठवला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. रिपोर्टमध्ये एकच ओळ ठळक अक्षरांत होती: सीईए ४१. शेजारी कंसात मर्यादा छापलेली, ५.

"हे सीईए म्हणजे काय गं?" तिने विचारलं. ते मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात स्कॅन झाला, यकृतात तीन गाठी दिसल्या, आणि त्या शुक्रवारी तिचा दुसरा प्रश्न आला: "माझं काय चुकलं?"

तुमच्यापैकी अनेकांना हा प्रश्न कुणी ना कुणी विचारला असेल. आपण परदेशात राहणारे, त्यातून माझ्यासारखी पेशींवर डॉक्टरेट केलेली, म्हणजे घरच्यांच्या लेखी आपल्याला उत्तर माहीत असायलाच हवं. मी त्या दिवशी "काही नाही गं, तुझं काही चुकलेलं नाही" असं म्हणाले. ते खरं होतं, पण मी ते तोंडदेखलं म्हणाले हे तिलाही कळलं. खरं असूनही ते पोकळ का वाटलं, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

सुरुवात पहिल्या प्रश्नापासून करावी लागेल. सीईए म्हणजे कार्सिनो-एम्ब्रायोनिक अँटिजेन. १९६५ साली माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना आतड्याच्या गाठींमध्ये एक पदार्थ सापडला. शेजारच्या निरोगी आतड्यात तो त्यांना दिसला नाही, पण गर्भाच्या आतड्यात दिसला. म्हणून नावात एम्ब्रियो, म्हणजे गर्भ. जन्मानंतर त्याचं प्रमाण अगदी कमी होतं. मावशी अडुसष्ट वर्षांची आहे, आणि तिच्या रक्तात पोटातल्या बाळाच्या आतड्याचा पदार्थ वाढला होता. लॅबवाले रोज शेकडो रिपोर्टांवर हे नाव छापतात आणि त्यात गर्भ दडलेला आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

गर्भ म्हटलं की मला मावशीचं सहकारनगरचं घर आठवतं. एम.एस्सी.ला मी तिच्याकडे राहत होते. पुणे विद्यापीठात गर्भविज्ञानाची परंपरा जुनी आहे. लीला मुळहेरकर एडिंबराला वॉडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या गर्भावर काम करून पुण्याला परतल्या, तेव्हापासूनची. आम्हालाही अंड्यांचं प्रॅक्टिकल होतं. जोडून सुट्ट्या आल्या म्हणून मी चार अंडी खोक्यात घालून, वर चाळीस वॅटचा दिवा लावून मावशीच्या अडगळीच्या खोलीत ठेवली. मावशी शाकाहारी. तिने दारातून विचारलं, "त्यात जीव आहे का?" तिसऱ्या दिवशी मी एका अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडून तिला दाखवलं. बलकावर लाल रेघांचं जाळं आणि मधोमध मोहरीएवढा एक ठिपका, टुकटुक हलणारा. मावशी खूप वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "परत झाक ते." आणि रात्री जेवताना म्हणाली, "आपण ते बघितलं, ते बरोबर केलं का गं?"

त्या ठिपक्याभोवती जे चाललेलं असतं ते पेशींचं स्थलांतर. मराठीत शास्त्रातही हाच शब्द आहे. पाठीच्या कण्याच्या जागेवरून पेशींचे थवेच्या थवे सुटतात, शेजाऱ्यांचा हात सोडतात, मधल्या भिंती विरघळवत वाट काढतात आणि लांब जाऊन चेहऱ्याची हाडं, त्वचेचा रंग, आतड्याच्या नसा बनवतात. शेजाऱ्यांचा हात सोडणं, भिंत विरघळवणं, लांब जाऊन वस्ती करणं: हे वर्णन तुम्ही कॅन्सरच्या पुस्तकातल्या प्रसाराच्या प्रकरणात टाकलंत तर एक शब्द बदलावा लागणार नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. पेशीच्या आत प्रथिनांना कामाला लावायची एक साधी पद्धत आहे: त्यांच्यावर फॉस्फेटचा छोटा तुकडा चिकटवायचा किंवा तो काढायचा. चिकटवणारी विकरं म्हणजे कायनेज आणि काढणारी म्हणजे फॉस्फेटेज. या चिकटवण्या-काढण्याच्या शोधाबद्दल एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना १९९२ चं नोबेल मिळालं. पण मान पुढे कायनेजलाच मिळत राहिला. दिवे लावणारा सगळ्यांना दिसतो, त्याच्यामागून घरभर फिरत दिवे बंद करणारी आजी कुणाला दिसत नाही. टायरोसिनवर फॉस्फेट चिकटवणारं पहिलं कायनेज १९७९ च्या सुमारास लक्षात आलं, तर तो तुकडा काढणारं विकर शुद्ध करायला १९८८ उजाडलं. पुढे मोजदाद झाली तेव्हा माणसात पाचशेहून जास्त कायनेज निघाली आणि टायरोसिनवाल्या फॉस्फेटेजच्या कुटुंबात शंभराच्या थोडी वर.

त्यामुळे बराच काळ समजूत अशी होती की कायनेज म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आणि फॉस्फेटेज म्हणजे ब्रेक. कॅन्सरमध्ये कायनेज गुन्हेगार आणि फॉस्फेटेज पोलीस. १९९७ मध्ये सापडलेलं पीटेन या चित्रात चपखल बसलं: ते बिघडलं की गाठ वाढते. पण काही प्रथिनांवरचं फॉस्फेट हे दाराच्या कडीसारखं असतं. कडी काढली की दार बंद होत नाही, उघडतं. म्हणजे काढून घेणारं विकरही एखाद्या गोष्टीची सुरुवात करून देऊ शकतं. एसएचपी-२ नावाचं फॉस्फेटेज तसंच. त्यात जन्मतः विशिष्ट बदल असला तर नूनन सिंड्रोम होतो, म्हणजे हृदयाची घडण बिघडते, उंची खुंटते. तेच विकर पुढे रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये आरोपी म्हणून उभं राहतं.

मावशीशी थेट संबंध असलेलं फॉस्फेटेज मात्र वेगळं आहे, आणि त्याच्या नावाची गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काही संशोधक उंदराच्या यकृताचा अभ्यास करत होते. यकृताचा मोठा भाग कापून टाकला तरी ते काही दिवसांत पुन्हा वाढतं. ही वाढ सुरू होताना कोणती जनुकं जागी होतात ते शोधताना एक फॉस्फेटेज हाती लागलं. त्याला नाव दिलं "पुन्हा वाढणाऱ्या यकृतातलं फॉस्फेटेज", थोडक्यात पीआरएल. नाव कसं, भरून येण्याचं आणि बरं होण्याचं. पुढे त्याची भावंडं सापडली. त्यातल्या पीआरएल-३ बद्दल २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने लिहिलं, की आतड्याचा कॅन्सर पसरून यकृतात गेलेल्या १८ गाठी तपासल्या तर अठराच्या अठरांमध्ये हे विकर चढलेलं होतं. न पसरलेल्या गाठींत ते कमी होतं आणि निरोगी आतड्यातही कमी. आतड्यातून सुटलेल्या पेशी यकृतात रुजतात तेव्हा त्यांच्या हातात जे हत्यार सापडतं, त्याच्या घराण्याचं नाव यकृताच्या बरं होण्यावरून पडलेलं आहे.

(जाता जाता: याच जॉन्स हॉपकिन्समध्ये अर्ध्या शतकापूर्वी पुण्याच्या कमल रणदिवे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धन शिकायला आल्या होत्या, माझ्यासारख्याच पोस्टडॉक म्हणून. त्या मुंबईला परतल्या आणि तिथे त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. त्या काळी कॅन्सर मुंबईत आणि गर्भ पुण्यात, असे विषय वेगळे होते. आज एकाच विकरावर काम करायचं तर दोन्हीकडचं वाचावं लागतं.)

आणि गर्भात? २०१३ मध्ये बेडकाच्या गर्भावर काम झालं. पीआरएल-३ कमी केलं तर डोक्याच्या भागातल्या त्या भटक्या पेशी नीट प्रवास करेनात. ज्या पेशींनी चेहरा घडवायचा, त्या निघतच नाहीत. म्हणजे जे मावशीच्या यकृतात नको होतं, ते बेडकाच्या पिलाला तोंड फुटायला हवं होतं.

आणखी एक उदाहरण देते, कारण ते मला प्रश्नाच्या जास्त जवळ नेतं. फळमाशीमध्ये एक जनुक आहे, त्याचं नाव "डोळे नसलेला". ते बिघडलं की माशीला डोळे येत नाहीत म्हणून हे नाव. म्हणजे जे डोळे घडवतं त्याला आपण डोळे नसण्याचं नाव दिलं. माणसातल्या त्याच्या भावंडाचं, ईवायए-१ चं, काम चुकलं तर कान, मूत्रपिंड, मानेचा भाग यांत दोष येतात. हे प्रथिन स्वतःच फॉस्फेटेज आहे हे २००३ मध्ये कळलं. ते दाखवणाऱ्या गटांपैकी एक सिनसिनाटीच्या रश्मी हेगडे यांचा. २००९ मध्ये त्याचं एक विलक्षण काम पुढे आलं. पेशीच्या डीएनएला इजा झाली की इजेच्या जागी एका प्रथिनावर फॉस्फेटचा एक तुकडा असतो. ईवायएने तो काढला तर दुरुस्तीची यंत्रणा येते. तुकडा राहिला तर पेशी मरणाची वाट धरते. वाढत्या गर्भात मूत्रपिंड घडवणाऱ्या पेशीला ही माफी मिळाली तर बाळ वाचतं. गाठीतल्या पेशीला तीच माफी मिळाली तर औषधाने झालेली इजा भरून निघते आणि गाठ वाचते. माफी तीच. ती चांगली की वाईट हे विकराकडे बघून ठरत नाही.

स्कॅननंतरच्या त्या आठवड्यात मी संध्याकाळी बरीच चालायचे. जनाबियात उंटांचा गोठा आहे, पलीकडे सौदीला जाणाऱ्या पुलाच्या गाड्यांची रांग, आणि या सगळ्याच्या मध्ये चार हजार वर्षांपूर्वीच्या दिलमुन संस्कृतीच्या थडग्यांच्या टेकड्या. २०१९ मध्ये युनेस्कोने बहरीनमधली अशी २१ ठिकाणं जागतिक वारशात घेतली, त्यात जनाबियातलं मैदानही आहे. या थडग्यांतली माणसं बहुधा एका कुशीवर, पाय पोटाशी घेऊन झोपवलेली सापडली. गर्भासारखी, असं म्हणायचा मोह होतो. पण ज्यांनी पुरलं त्यांच्या मनात काय होतं ते आपण सांगू नये. अर्थ काढायची आपल्याला फार घाई असते, आणि मावशीचा प्रश्न त्या घाईतूनच जन्माला येतो.

आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक पूर्वसंचिताचं: या जन्मी नाही तर मागच्या जन्मी काही केलं असेल. दुसरं जरा शिकलेलं: मन मोकळं केलं नाही, राग गिळला, ताण घेतला. दुसरं आधुनिक वाटतं, पण ते पहिल्याचंच इस्त्री केलेलं रूप आहे. दोन्ही आजाराला निकालपत्र मानतात. सुझन सोनटॅग स्वतः कॅन्सरमधून गेल्यावर १९७८ मध्ये आजारावर लादलेल्या रूपकांबद्दल पुस्तक लिहून हेच म्हणाल्या होत्या. अमेरिकेत १९७१ च्या कायद्यापासून कॅन्सरविरुद्ध "युद्ध" चालू आहे. आपल्याकडेही पेपरात मथळा येतो, "कर्करोगाशी झुंज अपयशी". म्हणजे गेलेलं माणूस जाता जाता हरलेलंही ठरतं. आणि युद्ध म्हटलं की शत्रू लागतो, शत्रू घरातलाच निघाला की तो गद्दार होतो. मावशीला तिचं स्वतःचं शरीर गद्दार वाटायला लागलं होतं. तिने ऑपरेशननंतर पोटाकडे बघणंच बंद केलं होतं.

इथे मला आपल्याच भाषेतला एक शब्द सापडला. आपण चुकीला दोष म्हणतो. पण आयुर्वेदात वात, पित्त, कफ यांनाही दोषच म्हणतात, आणि ते निरोगी माणसातही असतात, किंबहुना त्यांच्यावरच शरीर चालतं असं ते शास्त्र मानतं. बिघडतं ते प्रमाण आणि जागा. मी कॅन्सरवर आयुर्वेदाचा उपचार सुचवत नाहीये, कृपया तशी पत्रं पाठवू नका. मावशीच्या केमोच्या तारखा मीच सांभाळते. मला फक्त शब्द मोलाचा वाटतो. ज्याने शरीर उभं राहतं त्यालाच दोष हे नाव देण्याची हिंमत आपल्या एका परंपरेत होती. पीआरएल-३ या अर्थाने दोष आहे. चूक नाही.

दुसऱ्या बाजूने एक उदाहरण देऊन हा मुद्दा तपासून बघा. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलं, गरोदर बायकांनी मळमळीवर घेतलं आणि हजारो मुलं हातापायांच्या अपुऱ्या वाढीसह जन्मली. १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं. वैद्यकाच्या इतिहासात याहून बदनाम औषध क्वचितच असेल. २००६ मध्ये अमेरिकेत तेच औषध मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं आणि आज भारतातही अनेक रुग्ण ते घेतात. पोटातल्या बाळाला जे मारक ते गाठीलाही मारक ठरलं. पण म्हणून त्या कंपनीने जे केलं ते माफ होत नाही, कारण तिथे निर्णय घेणारी माणसं होती. पदार्थ निर्दोष म्हणून माणसंही निर्दोष, असं नाही.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. "कशामुळे" आणि "कुणामुळे" हे दोन प्रश्न आहेत आणि आजारपणात ते एकमेकांत गुंततात. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर होतो हे "कशामुळे"चं उत्तर आहे, आणि तंबाखू विकणाऱ्याकडे बोट दाखवलं तर "कुणामुळे"चंही होईल. मावशीच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाला अर्धवट उत्तर आहे: वय, काही पेशींत साठत गेलेले बदल, मग एका जुन्या विकराचं अवेळी जागं होणं. दुसऱ्याला उत्तरच नाही, कारण तिथे कुणी नाही. "काही चुकलं नाही" हे माझं वाक्य पोकळ वाटलं ते यामुळे. तिने दुसरा प्रश्न विचारला होता आणि मी तो पुसून टाकला, पहिल्याचं उत्तर न देताच.

तुम्ही म्हणाल, मग स्थलांतराचं काय? आपण सगळे घर सोडून लांब वस्ती केलेले. या मासिकात हे रूपक हमखास सुचणार आणि मलाही सुचलं होतं. मी ते टाकून दिलं. जी रूपकं माणसांच्या टोळ्यांना गाठ म्हणतात, ती कुठे पोचतात हे इतिहासात दिसलेलं आहे. पेशी ठरवून निघत नाही. मी व्हिसाचा फॉर्म भरून निघाले.

शेवटी एका शुक्रवारी मी मावशीला हे सगळं सांगितलं. विकरांची नावं वगळून, बेडकासकट. ती तीस वर्षं बालवाडीत शिकवत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पोरं वर्गाबाहेर पळतात तसं. पळणं वाईट नाही, पळायलाच हवीत. पण ही घंटेच्या आधी पळाली." मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ टाळी वाजवली. इतकी वर्षं भाषणांत मला हे इतकं नीट सांगता आलेलं नाही.

मग ती म्हणाली, "पण घंटेआधी पळालेलं पोर रस्त्यावर गेलं की गाडीखाली येतंच की. पोर वाईट नव्हतं म्हणून गाडी थांबते का?"

यावर मला काही बोलता आलं नाही. फॉस्फेटेजना रोखणं वर्षानुवर्षं जवळजवळ अशक्य मानलं गेलं, कारण त्यांची काम करायची खाच एकमेकांसारखीच दिसते. एकाला अडवायला जावं तर भलतीच अडतात. २०१६ मध्ये एसएचपी-२ ला वेगळ्या जागी पकडून बंद करणारा रेणू सापडला, आणि सिंगापूरमध्ये पीआरएल-३ विरुद्ध प्रतिपिंड रुग्णांमध्ये तपासायला घेतलं गेलं. हे मी तिला सांगितलं. मावशीपर्यंत ते वेळेत पोचणार नाही हे आम्हा दोघींना कळत होतं, ते मी सांगितलं नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या अंड्यांचं पुढे काय केलंस? उरलेल्या तीन?"

मी खरं सांगितलं. सुट्टीनंतर कॉलेजात नेली, गर्भ बाहेर काढले, द्रावणात ठेवले, रंगवले, काचेवर चढवले. एक स्लाइड अजून माझ्याकडे आहे, पीएच.डी.च्या खोक्यात.

"हृदय दिसतं त्यात?"

"दिसतं. वळत असतं ते, सरळ नळीचं वळण होत असतं."

"पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन ये," ती म्हणाली. "तेव्हा मी नीट बघितलंच नव्हतं. झाकून टाकायला लावलं." मग तिला डबेवाल्या बाईंची हाक आली आणि तिने फोन ठेवला. माझं ऑगस्टचं तिकीट होतं. मी ते जूनचं करून घेतलं.